एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस

बसा. आधी तो पंखा बंद करा, नाहीतर मला ओरडून बोलावं लागेल आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. आणि तुमचं ते भांडण जरा बाजूला ठेवा. सॉफ्टवेअर फुकटचं घ्यायचं की विकतचं, बॅकअप रोज काढायचा की आठवड्याला... तासभर ऐकतोय, कान किटले माझे. अरे, घ्या कुठलंही! मी काही तुम्हाला निवडून देणार नाही. मी बारक्याचं सांगतो. ऐका, आणि मग काय निवडायचं ते निवडा.

बारक्या माझ्या बरोबरीचा. आम्ही दोघं एकाच ठेकेदाराकडे केबल ओढायला होतो, छताच्या पोकळीत सरपटत, नाकातोंडात धूळ. अंगाने नुसती काडी, म्हणून बारक्या. पुढे तो शिकला, परीक्षा दिल्या आणि एका मोठ्या हॉस्पिटलात नेटवर्क सांभाळायला लागला. मी राहिलो इथंच, तुमच्या डोक्यावर बसायला. जे सांगतोय ते त्याने मला स्वतः सांगितलंय, एकदाच. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

हॉस्पिटलात त्याच्या वर एक म्हातारे गृहस्थ होते. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. शाळेत कधी शिकवलं नव्हतं त्यांनी, पण दुसऱ्याच्या चुका लाल पेनाने काढायची खोड होती. अख्ख्या हॉस्पिटलात नेटवर्कच्या एक्केचाळीस पेट्या. कुणी स्विच, कुणी राउटर. प्रत्येक पेटीच्या पोटात तिची सेटिंग: कुठली वायर कुठल्या वॉर्डाची, कुणी कुणाशी बोलायचं, कुणी नाही बोलायचं. पेटी जळली तर नवी आणता येते. पोटातलं गेलं की गेलं. म्हणून त्याची नक्कल काढून ठेवायची. तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो, कारण माहीत असलेलंच माणूस विसरतो.

मास्तरांची पद्धत ठरलेली. दर शुक्रवारी दुपारी चारला बसायचं. एकेका पेटीत शिरायचं, सेटिंग उतरवून घ्यायची आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. पुटपुटत. रात्रीचे आठ वाजायचे. अशी अकरा वर्षं. बारक्या तेव्हा नवा, अंगात रग. तो म्हणाला, "मास्तर, शनिवारी कुणी बदल केला आणि गुरुवारी पेटी गेली तर? पाच दिवस सगळं वाऱ्यावर!" मास्तरांनी मान डोलावली, कारण मुद्दा बरोबर होता. मी आजही म्हणेन, बरोबर होता.

मग सॉफ्टवेअरची निवडानिवड. एक विकतचं होतं, दिसायला झकास, पण दर पेटीमागे दर वर्षी पैसे. मोठ्या साहेबांनी कागद न वाचताच परत सरकवला. दुसरं फुकट, पण त्याचे लाड पुरवायला आणखी एक माणूस ठेवावा लागला असता. तिसरं साधं. रात्री दोनला आपोआप उठायचं, एकामागून एक एक्केचाळीस पेट्यांत लॉगिन करायचं, समोर जे येईल ते फाइलीत उतरवायचं, तीस दिवसांहून जुन्या फाइली पुसायच्या आणि सकाळी मेल टाकायचा. बारक्याने तेच घेतलं.

"आणि ती फाइल वाचतं कोण?" मास्तरांनी विचारलं.

"वाचायची कशाला? मेल येतो ना. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस."

"हं. आणि आत शिरायला नाव कुणाचं देणार?"

"तुमचंच देतो. तुमचं सगळ्या पेट्यांत चालतं."

"दे. मी आहे तोवर चालेल," म्हणाले आणि हसले, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

जूनमध्ये मास्तर गेले. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसले, छातीला हात लावला, संपलं. बारक्या लहान पोरासारखा रडला. पण ऑफिस काही रडत नाही. सोमवारी वरून चिठ्ठी आली: मयत कर्मचाऱ्याची सगळी खाती बंद करावीत. नियमच आहे तो, चूक काही नाही. बारक्याने एक्केचाळीस पेट्यांतून मास्तरांचं नाव काढलं. त्यांचा कॉम्प्युटर कोरा करून रिसेप्शनला दिला. जुन्या शुक्रवारांच्या नकला त्यातच होत्या. पण म्हटलं, त्या हव्यात कुणाला? रोज रात्री ताजी निघतेच की.

तुझा चेहरा का पडला रे? कळलं वाटतं. गप्प बस मग, बाकीच्यांना सांगू नकोस.

मेल रोज येत होता. एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस.

ऑगस्टमध्ये हॉस्पिटलाने अंगणापलीकडे नवा वॉर्ड उघडला. बारा खोल्या, जाड दारं, पेशंटच्या छातीला लावायची नवी मशीनं. मशीन खोलीत, पण त्याचे आकडे आणि धोक्याची घंटा नर्सच्या टेबलावरच्या स्क्रीनवर. मधल्या मोठ्या स्विचमधून जायचं ते. सगळ्या हॉस्पिटलाच्या वायरी त्या एका स्विचपाशी येतात. नव्या वॉर्डाची जोडणी बारक्याने एकट्याने केली, दोन रात्री बसून. आकडे एका कागदाच्या कपट्यावर लिहिले होते. काम झालं, कपटा टोपलीत गेला. बॅकअप होताच ना.

आता ताई. बारक्याला आईबाप नव्हते. तो सहा वर्षांचा असल्यापासून थोरल्या बहिणीने वाढवला त्याला. स्वतः लग्न केलं नाही, शिवणाच्या मशीनवर पाठ वाकवली आणि या काडीला माणसात आणलं. नोव्हेंबरात तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण तिचं काळीज मूळचं नाजूक. डॉक्टर म्हणाले, चार दिवस नीट लक्ष ठेवायचं. बारक्याने साहेबांच्या हातापाया पडून तिला नव्या वॉर्डात जागा मिळवली. "तिथली मशीनं सगळ्यांत चांगली, ताई. मीच जोडलीत." नऊ नंबरची खोली.

नोव्हेंबरची सतरा तारीख. मंगळवार. बारक्या नऊ नंबरच्या दारात बाकावर आडवा झालेला. रात्री एक वाजून अठ्ठावीस मिनिटांनी दिवे लुकलुकले. एकदा... दोनदा. जनरेटरने भार घेतला, दिवे आले. पण नर्सच्या टेबलावरची स्क्रीन आली नाही.

बारक्या आत डोकावला. ताई जागी होती.

"काय झालं रे?"

"काही नाही. वीज. आलोच मी दहा मिनिटांत."

"जा जा. उगाच माझ्याजवळ घुटमळू नकोस, तुझी गरज असेल तिथे." आणि वर चिडवलंन, "नाहीतरी तू रात्रभर घोरतोस."

अंगण ओलांडून तो तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये आला. वास आला त्याला आधी. मधला मोठा स्विच जळला होता. ठीक आहे, दुसरा होता फळीवर, खोक्यात, कोरा. त्याने जुना काढला, नवा बसवला, वायरी लावल्या. वीस मिनिटं. घाम आला, पण भीती नव्हती. आता फक्त कालची फाइल उघडायची, सेटिंग ओतायची आणि ताईकडे परत जायचं.

त्याने फाइल उघडली.

एकच ओळ. *प्रवेश नाकारला.*

परवाची उघडली. *प्रवेश नाकारला.* त्याच्या आधीची. त्याच्याही आधीची. तीस दिवसांच्या तीस फाइली... सगळ्यांत तीच ओळ.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. ते सॉफ्टवेअर मास्तरांच्या नावाने आत शिरत होतं. नाव त्याने स्वतःच काढलं होतं. जूनपासून रोज रात्री दोन वाजता मेलेल्या माणसाच्या नावाने एक्केचाळीस दारं ठोठावली जात होती, आणि एक्केचाळीस दारांतून उत्तर येत होतं: नाही. ते 'नाही' फाइलीत लिहिलं जायचं. फाइल तयार झाली म्हणजे काम झालं. मेल जायचा. आणि खऱ्या फाइली तीस दिवसांत पुसल्या गेल्या होत्या.

दोन वाजून चार मिनिटं झाली होती. वर दोनशे पेशंट. ऑपरेशन थिएटरच्या स्क्रीन काळ्या, औषधांचं भांडार बंद, फोन मुके. सेटिंगच्या तीनशेवर ओळी, त्यातल्या दहासुद्धा त्याला पाठ नव्हत्या. वॉचमनमामा दारात उभे होते. त्यांना तो म्हणाला, "मामा, पळा. नव्या वॉर्डातल्या सिस्टरला सांगा, स्क्रीनच्या भरवशावर राहू नका, खोल्या फिरा. नऊ नंबर माझी बहीण आहे. सांगाल ना?" मामा गेले. तिथे बारा खोल्यांना एकच नर्स होती, हे त्यालाही माहीत होतं.

जावं का आपणच? जाऊन तिच्या उशाशी बसावं? त्याने मला सांगितलं, काका... नाही, मला काका नाही म्हणाला, तुमच्या तोंडचं माझ्या तोंडी आलं. तो म्हणाला, "मी दोनदा दारापर्यंत गेलो आणि दोनदा परत फिरलो. मला वाटलं, मी हे उभं केलं तर तिची घंटा वाजेल. मी तिथे बसलो तर बाकीच्या एकशे नव्व्याण्णवांचं काय?"

तेवढ्यात फोन वाजला. सर्व्हर रूमच्या भिंतीवरचा.

त्याने उचलला. वाटलं, साहेब असतील.

"लिही," पलीकडून आवाज आला.

त्याने आवाज ओळखला. पहिल्याच शब्दाला. तो बोलला नाही. विचारलं नाही. विचारलं तर थांबेल, एवढंच त्याला कळत होतं.

"लिही. पहिली ओळ."

आणि तो लिहायला लागला. रिसीव्हर खांदा आणि कान यांच्या मध्ये, बोटं कीबोर्डवर. आवाज सांगत गेला. ओळ... मग ओळ... मग ओळ. पुटपुटल्यासारखा, शुक्रवारसारखा. तळमजला. बाह्यरुग्ण. रक्त तपासणी. क्ष-किरण. बारक्याकडून एक आकडा चुकला. आवाज थांबला. "सात नव्हे. नऊ." पडद्याकडे कोण बघत होतं?

अडीच. पावणेतीन. एकदाही मास्तर खोकले नाहीत. आयुष्यभर ज्याला दोन वाक्यांच्या मध्ये खोकला यायचा तो माणूस... दम घ्यायलाही थांबत नव्हता.

तीनच्या सुमारास बारक्याची नजर फोनवर गेली. त्या फोनला वेगळी वीज नसते. स्विचमधूनच येते, त्याच वायरीतून. नव्या स्विचच्या त्या भोकातून, म्हणजे पोर्टमधून, त्याने अजून वीज सोडलीच नव्हती. फोनचा पडदा काळा होता. दिवा नव्हता. मेलेला होता तो फोन.

"थांबू नकोस," फोनमधून आवाज आला.

तो थांबला नाही.

एकेक वॉर्ड जागा होत गेला. हिरवे दिवे लागत गेले. वरून पावलांची धावपळ ऐकू यायला लागली, कुणीतरी "आलं! आलं!" म्हणून ओरडलं. तीन पंचेचाळीसला थिएटर. तीन अठ्ठेचाळीसला औषधं. बारक्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्याला पुसायला हात मोकळा नव्हता.

"संपलं," आवाज म्हणाला.

"मास्तर..." पहिल्यांदाच तो बोलला. "मास्तर, नवा वॉर्ड राहिला. अंगणापलीकडचा. बारा खोल्या."

काही नाही.

"मास्तर, ताई आहे तिथे. माझी ताई. नऊ नंबरला. सांगा ना..."

मग, अगदी हळू:

"ते मला ठाऊक नाही रे. तेव्हा मी नव्हतो."

आणि फोन मुका झाला. खट नाही, टू-टू नाही. भिंतीला कान लावल्यासारखं नुसतं.

तीन पन्नास. बारक्या समोरच्या बारा काळ्या भोकांकडे बघत बसला. आकडे आठवेनात. स्वतःच लिहिलेले, स्वतःच टोपलीत टाकलेले. एक आठवला, तो चुकीचा निघाला. दुसरा... तोही. त्याने कपाळ टेबलावर आपटलं. एकदा. दोनदा.

किती वेळ तसाच पडून होता कोण जाणे, मान वर केली तेव्हा चार वाजून गेले होते आणि दिवे लागले होते.

एक. दोन. तीन. आपोआप. एकामागून एक... नव्या वॉर्डाचे. त्याचे हात मांडीवर होते. कीबोर्डला बोट लागलं नव्हतं. तो मोठ्याने हसला म्हणे, वेड्यासारखा. "आलं! ताई, आलं!" क्षणभरही तो थांबला नाही. जिने दोन दोन पायऱ्यांनी चढला, अंगण पळत ओलांडलं.

दिवे मोजायचे राहिले. अकरा होते.

वॉर्डाच्या दारात सिस्टर उभी होती. तिचा चेहरा बघून तो पळायचा थांबला आणि चालायला लागला. मग चालायचाही थांबला.

ती सांगत राहिली. चार नंबरच्या आजोबांनी नळी उपटली होती, त्यांना धरून बसावं लागलं, वीस मिनिटं हलता आलं नाही, दारं जाड, आतलं मशीन ओरडत होतं पण बाहेर ऐकू आलं नाही. सुटून टेबलापाशी आली तर स्क्रीन उजळलेली होती. बाकी सगळ्या खोल्या दिसल्या, एक दिसेना. म्हणून ती बघायला गेली. दार उघडलं तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. खोलीतल्या मशीनने काळीज थांबल्याची वेळ धरून ठेवली होती: तीन बावन्न.

"मी फिरत होते हो," ती म्हणत होती. "मी खरंच फिरत होते." बारक्याने तिचा हात धरला आणि दोघं तिथेच फरशीवर बसली.

त्याने कुणाला दोष दिला नाही. साहेब म्हणाले, तू हॉस्पिटल वाचवलंस. त्याने मान हलवली. घरी गेला, शिवणाच्या मशीनवर ताईचं अर्धं राहिलेलं काम होतं, ते घडी घालून ठेवलं. तिसऱ्या दिवशी कामावर आला, राजीनामा लिहिला. आणि जाण्यापूर्वी एक काम करायचं म्हणून मधल्या स्विचची सेटिंग उघडून बसला. पहिल्या ओळीपासून. वाचत.

मास्तरांनी सांगितलेल्या ओळी जशाच्या तशा होत्या. त्यांच्याखाली नव्या वॉर्डाच्या होत्या. त्याने न लिहिलेल्या. आकडे सगळे बरोबर.

स्विच नोंद ठेवतो, कुणी लिहिलं आणि कधी. मास्तरांच्या ओळींपुढे बारक्याचंच नाव होतं, त्याच्याच बोटांनी गेल्या होत्या त्या. या ओळींपुढे नावाच्या जागी काही नव्हतं. वेळ होती. तीन बावन्न. बाराच्या बारा ओळींना तीच, एकाच मिनिटाची.

प्रत्येक भोकापुढे आपण एक टीप लिहितो ना, वायर कुठे जाते ती? ती पण होती. खोली एक, चालू. खोली दोन, चालू. असं आठपर्यंत. पुढे दहा, अकरा, बारा, चालू.

मधे लिहिलं होतं: खोली नऊ, रिकामी.

दार उघडलं त्याच्या तेरा मिनिटं आधी.